फिकट निळी गाळणी

१

दादाचा पहाटे फोन आला की काहीतरी मोठं घडलेलं असतं. त्याला मुलगी झाली तेव्हा आला होता, आणि आता पेटीतला फोटो चोरीला गेला तेव्हा आला. या वेळी आवाज जास्त कापत होता.

"छोटे, लगेच ये. आणि वहिनीला काही बोलू नकोस."

साठी उलटलेल्या बाईला छोटी म्हणणारा हा एकच माणूस आता उरलाय, म्हणून मी चपला घातल्या. शिवाय माझी सगळी हयात विम्याच्या कंपनीत दावे तपासण्यात गेली. मालकानंच पेटवलेली गोदामं आणि माळ्यावर सापडलेले 'चोरीचे' हार इतके बघितलेत की निवृत्त झाले तरी नाक काही निवृत्त झालेलं नाही.

दादाची खोली म्हणजे खोली कमी आणि कपाट जास्त. शंभर वर्षांपूर्वी नव्या वाटेच्या चित्रकारांनी काढलेली मासिकं आणि त्या काळचे फोटो तो गोळा करतो. पडदे कायम ओढलेले. आत जाताना चहाचा कप दाराबाहेर ठेवायचा, हा नियम मलाही लागू आहे आणि बहुधा यमदूतालाही असेल.

त्यानं सुती हातमोजे घातले, एक चपटी पेटी टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. खिडकी कापलेल्या जाड पुठ्ठ्याआड, ज्याला फ्रेमवाले माउंट म्हणतात, एक फोटो होता. धुऊन धुऊन विटलेल्या चादरीच्या रंगाचा.

"फिका पडलाय," मी म्हटलं.

"फिका नाही. खोटा आहे. खरा कोणीतरी नेला आणि हा ठेवला."

हा फोटो मला चांगला माहीत होता. काही तरुण चित्रकारांनी आपल्या गुरुजींशी भांडून एक मासिक काढलं. पैसे संपेपर्यंत चाललं, म्हणजे फार चाललं नाही. शेवटच्या अंकाच्या प्रत्येक प्रतीत त्यांनी हातानं केलेला एकेक फोटो घातला, प्रत्येक प्रतीत वेगळा. कॅमेरा नाहीच. कागदाला रसायन फासायचं, वर घरातल्या वस्तू मांडायच्या, कागद उन्हात ठेवायचा आणि मग पाण्यात धुवायचा. ऊन लागलं तिथं गडद निळा, वस्तू होती तिथं पांढरा. दादाच्या प्रतीत कंगवा, किल्ली आणि चहाची गाळणी आहे. वस्तू वस्तुपणातून कशी सुटते यावर तो या गाळणीसमोर पाऊण तास बोलतो. मी ते अनेकदा ऐकलंय आणि दर वेळी मला चहाची तल्लफ आलीय.

"उजेडानं निळा उडतो ना?" मी विचारलं.

"उडतो. म्हणून तर कपाट, कपाटात पेटी, पेटीत माउंट. उन्हाळाभर मी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे होतो. किल्ली माझ्या गळ्यात. काल संध्याकाळी घरी आलो. आज उठल्याबरोबर नव्या डोळ्यांनी पहिल्यांदा हाच बघायचा म्हणून पेटी उघडली, तर हे." त्यानं पेटी माझ्याकडे सरकवली. "अंधारात असलेला फोटो उडेल कसा, छोटे? म्हणजे बदललाच. आणि कपाटाची दुसरी किल्ली एकाकडेच आहे."

कोणाकडे ते त्यानं सांगायची गरज नव्हती. भिंगराव. जुन्या कागदांचे दुकानदार, गळ्यात कायम भिंग, दादाच्या लग्नाच्या वर्षापासून दर रविवारी चहाला हजर. घराला आग लागली तर कपाट आधी वाचवायचं म्हणून दादानंच त्यांना किल्ली देऊन ठेवलेली.

"त्यांना विचारलंस?"

"अंधारातच फोन केला. काय म्हणाला माहितीये? 'पेटी बंद कर आणि थंडी पडेपर्यंत उघडू नकोस.' आता चोराला पळायला वेळ हवा असतो, नाही तर काय?" त्यानं झाकण लावलं. "मी त्याला सांगितलं, या घराची पायरी चढू नकोस. येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी संग्रहालयाच्या बाई माझा संग्रह न्यायला येणार आहेत. त्यांच्यासमोर त्याचं नाव घेऊन सांगणार आहे."

जुन्या कागदाच्या धंद्यात माणूस नावावर जगतो. दादा सोमवारी ते बोलला असता तर भिंगरावांच्या दुकानात पुन्हा कोणी पाऊल टाकलं नसतं. दादालाही हे ठाऊक होतं.

२

मी आठवडाभर तिथंच मुक्काम टाकला. वहिनीला वाटलं दादाच्या डोळ्यांत औषध घालायला आलेय, आणि मी तो समज तसाच ठेवला.

रविवारी दुपारी ती ओट्यापाशी उभी राहून कप पुसत होती. चहाची वेळ टळून गेली होती. मधला कप, कान तुटलेला, भिंगरावांचा होता. त्यांना तोच लागतो.

"आले नाहीत," वहिनी म्हणाली. "हे परत आले त्या संध्याकाळी येऊन गेले, हसून बोलले. नंतर फोन नाही, काही नाही. हे म्हणतात त्याला काम आहे. आजवर रविवारी कधी काम निघालं नाही त्यांना."

"असेल काहीतरी."

"माझं काही चुकलं का गं?" तिनं तो कप पुसला होता तरी पुन्हा पुसला. "तू लोकांची लफडी शोधून काढतेस ना? एवढं शोधून दे मला."

म्हणजे एका घरात दोन तक्रारी माझ्याकडे आल्या, आणि एकाची दुसऱ्याला कळू द्यायची नव्हती. मी मान डोलावली आणि तिच्यामागून तिच्या खोलीत गेले. गुडघे दुखतात म्हणून तिचा मुक्काम तिथल्या खुर्चीतच असतो. समोर मोठी खिडकी, दिवसभर ऊन. खिडकीशेजारच्या भिंतीवर त्यांच्या लग्नाचा फोटो, पण इतका खाली लावलेला की उभ्या माणसाच्या पोटाशी येतो.

"एवढा खाली का लावलास?"

"बसल्या बसल्या दिसतो."

"उन्हाळाभर एकटी कंटाळली असशील. तूही जायचंस की लेकीकडे."

"घर उघडं टाकून दोघांनी कसं जायचं? हे म्हणाले, कपाट आहे ना." ती अगदी सहज म्हणाली, आणि मला माझ्या भावाचा राग आला. नवरा गावाला गेला की बायकोनं कपाटाची राखण करायची, हे या घरात इतकी वर्षं चालत आलेलं होतं.

३

भिंगरावांचं दुकान म्हणजे दोन भिंतींमधली फट. वरपर्यंत कागदाचे गठ्ठे, मधे एक शिडी आणि शिडीच्या पायाशी ते. मला बघून त्यांनी स्टूल पुसून पुढे केलं.

"तुम्ही नेलात तो फोटो?" मी आडवळणं घेत नाही.

"नाही, ताई."

"मग कोणी नेला?"

ते भिंग रुमालानं पुसू लागले.

"थंडीपर्यंत पेटी उघडू नकोस, असं का म्हणालात?"

"उघडू नये म्हणून."

"भिंगराव, सोमवारी तो तुमचं नाव घेणार आहे. हे दुकान बसेल."

"बसू दे. दुकान माझंच आहे ना?" ते म्हणाले. मग खाली बघून, "त्याचे डोळे कसे आहेत? औषध वेळेवर घालतोय का? तो विसरतो."

मी उठले. नोकरीत एक गोष्ट शिकले होते. ज्यानं काही केलेलं असतं तो भरपूर बोलतो, घाम पुसतो, देवाच्या शपथा घेतो. अंगावर सगळं येत असताना जो मूग गिळून बसतो, तो बहुतेक कोणाला तरी पाठीशी घालत असतो. आणि भिंगराव ज्यांच्यासाठी दुकान घालवायला तयार होतील अशी माणसं जगात फार नव्हती.

४

तरीही बाकीच्यांना विचारायलाच हवं होतं. हिवाळ्यात संग्रहालयाच्या यादीसाठी एका फोटोवालीनं दादाच्या सगळ्या वस्तूंचे फोटो काढले होते. निळ्या फोटोची हुबेहूब नक्कल करायची तर तिच्याकडे सगळं साहित्य होतं.

ती चुणचुणीत निघाली. पडद्यावर तिनं तो फोटो दाखवला. गडद निळ्यावर गाळणीची जाळी लखलखीत पांढरी.

"हा जानेवारीतला. तेव्हा असाच होता, काकू. मी दिवे जास्त लावले म्हणून दादांनी मला झापलंसुद्धा."

"मला वाटतं त्याच्या डोळ्यांचाच दोष असेल. ऑपरेशननंतर रंग वेगळे दिसतात."

"वेगळे दिसतात, पण उलट. मोतीबिंदू पिवळट असतो. तो काढला की निळा जास्त निळा दिसतो. माझी आजी आठवडाभर आभाळच बघत बसली होती."

झालं, माझी आवडती शंका गेली. शिवाय तो फिकेपणा मला माझ्या जुन्या डोळ्यांनीही दिसला होता.

तिथून फ्रेमवाल्याकडे. दादाचे सगळे माउंट त्यानंच कापलेले.

"त्यांचं एकच माप, बाई. फोटो लहान असो की मोठा, बाहेरून पुठ्ठा सारखाच. पेटीत नीट बसायला पाहिजे म्हणतात. आतली खिडकी फोटोपेक्षा बोटभर लहान ठेवायची, म्हणजे कडा झाकून राहतात." तो हसला. "आणि काच कशालाच नाही. एवढी वर्षं माउंट करतोय, पण काच लावून भिंतीवर टांगायला त्यांनी एकच दिला. लग्नाचा. त्यालाही माप तेच सांगितलं, सवयीनं."

मी दुकानातून बाहेर पडले आणि चार पावलांवर थांबले. मला दादाच्या कपाटाकडे नाही, वहिनीच्या भिंतीकडे बघायला हवं होतं.

५

वहिनी आंघोळीला गेली तेव्हा मी तिच्या खोलीत शिरले. चोरासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू.

लग्नाचा फोटो खिळ्यावरून उतरवून पालथा केला. मागची पाटी धरून ठेवणाऱ्या छोट्या पत्र्याच्या पट्ट्या असतात ना, त्या मी बघत होते. बाहेरच्या खोलीतल्या आमच्या आई-बाबांच्या फ्रेमच्या पट्ट्या मी आधीच बघून आले होते. गंजून पाटीला चिकटलेल्या. या मात्र चकचकीत होत्या, सहज वळणाऱ्या. लग्नाचा फोटो माणूस किती वेळा फ्रेममधून काढतो?

फ्रेम होती तशी लावली, गच्चीवर गेले आणि फोटोवालीला फोन करून एकच प्रश्न विचारला. तिचं उत्तर ऐकून मी तिथंच टाकीला टेकून बसले. भिंगरावांचं ते विचित्र वाक्य मला आता कळलं. पळायला वेळ मागत नव्हता तो माणूस.

पण हे दादाला सांगायचं म्हणजे वहिनीला पकडून द्यायचं. दाव्यांच्या फायली मिटताना मला कधी जड गेलं नव्हतं. ही वेगळी होती.

शेवटी मी भिंगरावांना निरोप धाडला. रविवारचा चहा सोमवारी सकाळी आहे, संग्रहालयाच्या बाई यायच्या आधी या. नाही आलात तर तुमच्यावर काय आळ आलाय ते मी वहिनीला सांगेन. ही धमकी चालणार हे मला ठाऊक होतं.

६

भिंगराव आले. दादानं मान फिरवली. वहिनी स्वयंपाकघरात होती, आणि भिंगरावांचा आवाज ऐकून तिनं तिथूनच विचारलं, "भावजी, साखर कमी ना?"

"दादा," मी म्हटलं, "पेटी आण. आणि माउंट उचल."

"काय?"

"वरचा पुठ्ठा. उचल."

"वेडी आहेस का? तो उचलायचा नसतो. आतली बिजागरी कागदाची आहे, फाटेल."

"म्हणूनच तू तो आजवर कधी उचलला नाहीस. भिंग लावून मधला भाग बघतोस, कड बघत नाहीस. उचल, नाही तर मी उचलते."

माझे उघडे हात पुढे आलेले बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं स्वतःच, श्वास रोखून, पुठ्ठा अलगद वर केला. मधला चौकोन विटलेला होता आणि त्याच्या चहूबाजूंनी बोटभर पट्टी होती, नव्या शाईसारखी गडद निळी.

"खोटा फोटो करून कोणी आत सरकवला असता," मी म्हटलं, "तर तो सगळीकडून सारखाच असता. इथं फक्त खिडकीतून दिसणारा भाग उडालाय, झाकलेला नाही. म्हणजे हाच कागद, याच माउंटमध्ये, उजेडात राहिलाय. तुझाच फोटो आहे हा. कोणी काही चोरलेलं नाही."

दादा त्या निळ्या कडेकडे बघत राहिला. आनंद त्याच्या चेहऱ्यावर आला आणि लगेच गेला.

"पण मग मेला तो. उजेडानं मारला."

"मेलेला नाही," भिंगराव पहिल्यांदाच बोलले. "चांदीच्या रसायनाचा फोटो परत येत नाही, छापलेली शाई परत येत नाही. हा निळा येतो. उजेडात दमतो, अंधारात ठेवला की काही महिन्यांत पुन्हा भरतो. म्हणून म्हटलं, थंडीपर्यंत उघडू नकोस. आजवर तू लगेच उघडली नव्हतीस, म्हणून तुला कधी कळलं नाही."

"आजवर?" दादा म्हणाला. "म्हणजे हे आधीही झालंय? कोणी ठेवला उजेडात?"

"मी," भिंगराव म्हणाले. "दुकानाच्या काचेत लावला होता. किल्ली होतीच माझ्याकडे."

"भावजी, खोटं कशाला बोलता?"

वहिनी ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं तो खाली ठेवला, टेबलाशी आली आणि फोटो बघून तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई, इतका उडाला? रोज बघत होते ना, कळलंच नाही मला." मग ती दादाकडे वळली. "मी लावत होते. तुम्ही गावाला गेलात की भावजींकडून किल्ली घ्यायची आणि आपल्या लग्नाच्या फोटोवर हा ठेवून फ्रेम बंद करायची. तुमच्या यायच्या आत परत पेटीत. या वेळी तुम्ही स्टेशनवरून फोन केलात, न सांगता आलात. जेमतेम आत टाकला आणि भावजी भेटायला आले तेव्हा किल्ली त्यांना दिली."

"माझ्या तोंडावर ठेवायचीस?" दादाला एवढंच सुचलं.

"माझ्याही."

"पण का? मला म्हणाली असतीस तर दाखवला असता."

"हातमोजे घालून, पडदे ओढून, पाच मिनिटं." वहिनी खुर्चीत बसली. "अहो, तो सापडला कोणाला?"

दादाला ही गोष्ट तोंडपाठ आहे. पाहुण्यांना तो ती नेहमी सांगतो. "लग्नाच्या वर्षी. भिंगाच्या दुकानात एक ढिगारा होता, मी त्यात हात घातला, आणि..."

"तुम्ही शिडीवर होतात."

दादानं भिंगरावांकडे बघितलं.

"शिडी मीच धरली होती," भिंगराव म्हणाले. "तू वरच्या फळीवर होतास. वहिनी खाली बसून एकट्याच हसत होत्या. म्हणाल्या, अहो, हे बघा, कोणीतरी चहाच्या गाळणीचा फोटो काढलाय."

दादा आठवत होता. आठवलं तेव्हा मला ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि त्या क्षणी मला त्याची माया आली, कितीही गाढव असला तरी.

"कधी बोलली नाहीस ती?"

"तुम्ही इतकं छान सांगायचात. लोक ऐकत बसायचे. म्हटलं, राहू दे." वहिनीचे डोळे भरले होते, पण आवाज ठीक होता. "बघायला तरी मिळावा, एवढंच वाटायचं. तुम्ही नसलात की घर खायला उठतं. हा समोर असला की आपण दुकानात होतो ते आठवायचं. मग भावजी का येईनासे झाले, ते आत्ता कळतंय मला. तुम्ही त्यांना बोललात काहीतरी."

दादानं हातमोजे काढले. गळ्यातली किल्ली काढून वहिनीपुढे ठेवली. मग कान तुटलेला कप उचलून भिंगरावांपुढे सरकवला, आणि चहा थोडा सांडला.

"मी तुला चोर म्हणालो."

"म्हणालास."

"मग आता काय करू?"

भिंगरावांनी बशीत चहा ओतला. "पेटी बंद कर," ते म्हणाले, "आणि थंडी पडेपर्यंत उघडू नकोस."

७

त्या सोमवारी संग्रहालयाच्या बाई गाडी भरून पेट्या घेऊन गेल्या. एक तेवढी राहिली. या फोटोची तब्येत बरी नाही, थंडीत या, असं दादानं त्यांना सांगितलं.

थंडीत त्या आल्या. मीही मुद्दाम गेले होते. पेटी वहिनीनं उघडली, किल्ली तिच्याकडेच असते आता. निळा परत आला होता, काठोकाठ. गाळणीचं एकेक भोक मोजता आलं असतं. दादा नव्या डोळ्यांनी तो बघत राहिला आणि चक्क भाषण करायचं विसरला.

हा आम्ही देणार नाही, वहिनीनं बाईंना सांगून टाकलं. वर्षातून थोडे दिवस आमच्या भिंतीवर राहील, मग विश्रांतीला पेटीत. बाईंना वाईट वाटलं, पण त्यांनी वही काढली. फोटो दिला नाही तरी त्याची हकीकत तरी नोंदवून घ्यायची होती.

"हा तुम्हाला कसा सापडला?" त्यांनी दादाला विचारलं.

दादानं सवयीनं खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला. भिंगरावांनी बशी खाली ठेवली.

"मी तेव्हा शिडीवर होतो," दादा म्हणाला. "सापडला हिला. हिलाच विचारा."